ब्लॉटला अँटिबॉडी लावायचं काम यंत्रावर सोपवताना

वेस्टर्न ब्लॉट म्हणजे नमुन्यातलं एखादं ठरावीक प्रथिन अँटिबॉडीने शोधण्याची पद्धत. त्यात जेल चालवून वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेनवर, म्हणजे ती धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यावर, उतरली, की पुढे उरतं ते चिकाटीचं काम. ब्लॉकिंग (मेम्ब्रेनच्या मोकळ्या जागा झाकणं), मग हव्या त्या प्रथिनाला चिकटणारी प्रायमरी अँटिबॉडी, तीन-चार वॉश, मग प्रायमरीला चिकटून ती कुठे आहे हे दाखवणारी सेकंडरी, पुन्हा वॉश. दर पाच-दहा मिनिटांनी ट्रेमधलं द्रावण ओतून द्यायचं, नवं घालायचं, ट्रे शेकरवर ठेवायचा. १९७९ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि आजही कितीतरी प्रयोगशाळांत हा भाग असाच हाताने होतो. काम अवघड नाही, पण ते माणसाला टायमरला बांधून ठेवतं. शिवाय दमलेल्या माणसाचा शेवटचा वॉश पहिल्याइतका नीट होत नाही, आणि मग दोन दिवसांचे दोन ब्लॉट एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

हे टप्पे आपोआप पार पाडणारी यंत्रं आता मिळतात. पहिल्यांदाच असं यंत्र हाताळणाऱ्यासाठी हा लेख आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. ट्रेमध्ये काम करताना मध्येच मन बदलता येतं: बॅकग्राउंडची, म्हणजे मेम्ब्रेनवर नको तिथे येणाऱ्या काळेपणाची, शंका आली तर एक वॉश वाढवता येतो, प्रायमरी कमी वाटली तर ट्रे रात्रभर ठेवता येतो. यंत्रात सगळी द्रावणं एकदम भरायची असतात आणि झाकण लागलं की मध्ये हात घालायला जागा राहत नाही. म्हणून सगळे निर्णय झाकणाआधी व्हायला हवेत. या लेखाचा मोठा भाग त्या तयारीवरच आहे.

यंत्रं दोन जातीची

पहिली जात कार्डाची. थर्मो फिशर कंपनीचं आयबाइंड हे त्यातलं बऱ्याच जणांच्या ओळखीचं यंत्र. याला वीज लागत नाही, मोटर नाही, पंप नाही. काचतंतूंचं एक सपाट कार्ड असतं, त्याच्या एका टोकाला जाड शोषक पॅड. दुसऱ्या बाजूला, झाकणावर, द्रावणांचे चार कप्पे. झाकण दाबून बसवलं की कप्प्यांचं तोंड कार्डाला टेकतं आणि दिव्याची वात तेल ओढते तसं कार्ड द्रावण ओढायला लागतं. वाटेत मेम्ब्रेन पालथी पडलेली असते. पहिल्या कप्प्यातली प्रायमरी तिच्याखालून सरकत जाते, मग दुसऱ्यातला वॉश, मग तिसऱ्यातली सेकंडरी, शेवटी चौथ्यातला मोठा वॉश. सगळं वापरलेलं द्रावण शोषक पॅडमध्ये जाऊन बसतं.

दुसरी जात पंपाची. मेम्ब्रेन नेहमीसारखीच ट्रेमध्ये, ट्रे हलत राहतो, आणि नळ्यांमधून द्रावण आत येतं, ठरल्या वेळी बाहेर काढलं जातं. वेळा तुम्ही प्रोग्रॅममध्ये भरता. तुमच्या हातच्या पद्धतीचीच ही नक्कल असल्यामुळे ब्लॉकिंगचं द्रावण, डायल्यूशन, वेळ यांतलं फारसं काही बदलावं लागत नाही.

निर्वाताने द्रावण मेम्ब्रेनमधून खेचणारी तिसरी एक सोय असते. ती वेगवान आहे, पण दर टप्प्याला माणूस लागतो. त्यामुळे ती इथे बाजूला ठेवतो.

नव्या माणसाची गडबड जास्त होते ती कार्डाच्या यंत्रात, कारण तिथे हातच्या पद्धतीतले आकडे जसेच्या तसे चालत नाहीत. आधी तेच बघू.

अँटिबॉडीचा हिशोब

प्रयोगशाळेत आपण डायल्यूशनच्या भाषेत बोलतो: ‘ही १:२००० ला चालते,’ म्हणजे एकूण २००० भाग द्रावणात एक भाग अँटिबॉडी. कार्डाच्या यंत्रासाठी ती सवय सोडून मायक्रोलिटरमध्ये विचार करा.

समजा ट्रेमध्ये तुम्ही १० मिलीलिटर द्रावणात १:२००० ने प्रायमरी घालता. म्हणजे एका ब्लॉटला ५ मायक्रोलिटर अँटिबॉडी लागते. मिनी ब्लॉटच्या कार्डात पहिल्या कप्प्यात जातं फक्त २ मिलीलिटर. तिथेही १:२००० ठेवलंत तर १ मायक्रोलिटरच पडेल. अँटिबॉडी वाचली खरी, पण ट्रेमध्ये मेम्ब्रेन त्या द्रावणात तासभर किंवा रात्रभर बुडून राहते, आणि कार्डावर द्रावण तिला शिवून पुढे निघून जातं, परत येत नाही. एवढ्या थोड्या वेळात बँड (प्रथिनाचा दिसणारा पट्टा) फिकट येण्याचीच शक्यता जास्त. म्हणून पहिल्या वेळी एकूण अँटिबॉडी तेवढीच ठेवा: तेच ५ मायक्रोलिटर, पण २ मिलीलिटरमध्ये. हे झालं १:४००. बँड ठळक आणि पार्श्वभूमी स्वच्छ आली तर पुढच्या वेळी १:८०० करून बघा. खालून वर चढण्यापेक्षा वरून खाली उतरणं बरं, कारण कोऱ्या मेम्ब्रेनवरून चूक नेमकी कुठे झाली ते कळत नाही, आणि गडद बँडवरून निदान बाकीचं सगळं जमलं एवढं तरी कळतं.

सेकंडरीलाही हाच हिशोब. ट्रेमध्ये १० मिलीलिटरला १:५००० असेल तर २ मायक्रोलिटर, कार्डात ते २ मिलीलिटरमध्ये, म्हणजे १:१०००. मात्र सेकंडरीच्या बाबतीत हात जरा आखडता ठेवावा असं माझं मत आहे. एचआरपी (सब्स्ट्रेट नावाच्या रसायनातून प्रकाश काढणारं एन्झाइम) जोडलेली सेकंडरी जास्त झाली की सगळी मेम्ब्रेन काळवंडते, किंवा बँडच्या मध्यभागी पांढरा डाग पडतो. तिथे एचआरपी इतकं साठलेलं असतं की ते सब्स्ट्रेट झटकन संपवून टाकतं आणि फोटो काढेपर्यंत प्रकाश उरत नाही. नवखा माणूस तो पांढरा डाग ‘प्रथिनच नाही’ असा वाचतो.

कधी उत्तर अर्धा मायक्रोलिटर असं येतं. तेवढं पिपेटने भरवशाने उचलता येत नाही. आधी १ मायक्रोलिटर अँटिबॉडी ९ मायक्रोलिटर द्रावणात मिसळा आणि त्यातलं ५ मायक्रोलिटर घ्या.

आता खर्चाबद्दल. बऱ्याच ठिकाणी प्रायमरी वापरून झाली की ट्यूबमध्ये परत भरतात, खराब होऊ नये म्हणून सोडियम अझाइड घालून ४ अंश सेल्सियसला ठेवतात आणि पुन्हा पुन्हा वापरतात. कार्डाच्या यंत्रात ही सोय नाही, कारण प्रायमरी शोषक पॅडमध्ये जाते ती कायमची. एखादी महागडी अँटिबॉडी तुमच्याकडे अशी फिरती वापरात असेल तर ती ट्रेमध्येच राहू द्या. अझाइडचा आणखी एक पैलू असा, की ते एचआरपीला निकामी करतं. त्यामुळे सेकंडरीच्या किंवा वॉशच्या द्रावणात त्याचा अंशही जाता कामा नये.

एकाच ब्लॉटवर तुमचं प्रथिन आणि लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये, म्हणजे नमुन्यांच्या रांगांत, माल सारखा पडला का हे दाखवणारं प्रथिन) दोन्ही बघायचे असतील तर दोन्ही प्रायमरी पहिल्या कप्प्यात एकत्र घालता येतात. अट एवढीच, की दोन बँड एकमेकांपासून पुरेसे लांब असावेत आणि दोन्ही अँटिबॉडी एकेकट्या स्वच्छ चालतात हे आधी तपासलेलं असावं. नेहमीच्या लोडिंग कंट्रोलपैकी अॅक्टिन ४२ किलोडाल्टन वजनाच्या आसपास दिसतं, जीएपीडीएच ३७ च्या. तुमचं प्रथिन ४० चं असेल तर यांपैकी कुठलंच नको. प्रायमरी वेगवेगळ्या प्राण्यांच्या असतील, एक सशाची आणि एक उंदराची, तर तिसऱ्या कप्प्यात दोन्ही सेकंडरी लागतील. घाईत हे विसरायला होतं.

द्रावण

आयबाइंडचं स्वतःचं द्रावण येतं आणि त्यातच ब्लॉकिंगची सोय असते, त्यामुळे मेम्ब्रेन वेगळी ब्लॉक करावी लागत नाही. एका मिनी ब्लॉटसाठी ३० मिलीलिटर बनवा: ५एक्स (पाचपट दाट) बफर ६ मिलीलिटर, १००एक्स (शंभरपट दाट) अॅडिटिव्ह ०.३ मिलीलिटर, आणि शुद्ध पाणी २३.७ मिलीलिटर. यातलं ५ मिलीलिटर मेम्ब्रेन भिजवायला, ५ कार्ड भिजवायला, १ मेम्ब्रेनखाली, आणि चार कप्प्यांना मिळून १२. म्हणजे २३ जातं, थोडं शिल्लक राहतं. ते राहू द्या, ऐन वेळी दोन मिलीलिटर कमी पडण्यासारखा त्रास नाही.

सवयीने टीबीएसटी या नेहमीच्या वॉश बफरमध्ये दुधाची पूड कालवून तेच इथे ओतायचा मोह होईल. करू नका. कार्डातला प्रवाह ठरलेल्या द्रावणाला धरून बेतलेला असतो, दाट द्रावण त्याची चाल बिघडवतं. फ्लोरोसंट सेकंडरी वापरणार असाल तर त्यासाठीचं द्रावण वेगळं मागवावं लागतं, तेही आधीच बघून ठेवा.

मेम्ब्रेन

ट्रान्सफर (प्रथिनं जेलमधून मेम्ब्रेनवर उतरणं) नीट झाला की नाही हे पॉन्सो एस हा प्रथिनं लाल दाखवणारा रंग लावून बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि यंत्र वापरताना तर ते टाळूच नये. ट्रान्सफरच फसलेला असेल तर पुढचे अडीच तास, एक कार्ड आणि अँटिबॉडी सगळंच वाया. लाल पट्टे दिसले, लॅडर (माहीत वजनांच्या प्रथिनांची मापपट्टी) उतरलेली दिसली, मध्ये बुडबुड्यांचे गोल डाग नाहीत याची खात्री झाली, की पाण्याने रंग धुऊन टाका. वरचा एक कोपरा तिरका कापा, म्हणजे पुढची बाजू कुठली आणि पहिली लेन कुठली याचा घोळ राहत नाही. मेम्ब्रेन पालथी टाकायची असल्यामुळे ही खूण इथे ट्रेपेक्षाही जास्त उपयोगी पडते.

पीव्हीडीएफ जातीची मेम्ब्रेन वाळली असेल तर मिथेनॉलमध्ये भिजवून, पाण्यात खंगाळून मगच पुढे जा. नायट्रोसेल्युलोजच्या मेम्ब्रेनला मिथेनॉल नको. मेम्ब्रेन कुठलीही असो, कार्डावर ठेवण्याआधी ती ५ मिलीलिटर तयार द्रावणात बुडवून ठेवा आणि कार्ड मांडेपर्यंत तिथेच असू द्या. कोरडा राहिलेला भाग कार्डावर भिजेल असं समजू नका. तिथे शेवटी पांढरा किंवा काळा ठिपका उरतो.

मांडणी

टेबल सपाट हवं. शेजारी सेंट्रीफ्यूज किंवा व्हॉर्टेक्स असेल तर यंत्र दुसरीकडे न्या. दोन्ही अँटिबॉडी आपापल्या २ मिलीलिटरमध्ये मिसळून, ट्यूबवर १ आणि ३ असे आकडे घालून समोर ठेवा. वॉशच्या ट्यूबवर २ आणि ४. यंत्रातल्या कप्प्यांवरही तेच आकडे असतात, त्यामुळे डोळ्यांना जुळवणी सोपी जाते.

यंत्र उघडून कार्ड जागेवर बसवा. कार्डाला बोटांनी दाबू नका, तंतू चेपले की तिथला प्रवाह मंदावतो. द्रावण वाहणार त्या भागावर ५ मिलीलिटर द्रावण पिपेटने सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखं पसरत घाला. कार्ड सगळीकडे एकसारखं ओलं दिसलं पाहिजे. कोरडी रेघ राहिली तर तिथून द्रावण वळसा घालून जातं आणि मेम्ब्रेनवर लांबट पट्टे उमटतात.

मग मेम्ब्रेनच्या जागी मधोमध साधारण १ मिलीलिटर द्रावणाचं थारोळं करा. चिमट्याने मेम्ब्रेन उचला, प्रथिनांची बाजू खाली करा, कमी वजनाच्या प्रथिनांचं टोक शोषक पॅडकडे ठेवा, आणि एक कड आधी टेकवून बाकीची हळूहळू सोडा. त्या थारोळ्यामुळे खालची हवा बाजूने निघून जाते. एकदा टेकली की सरकवू नका. वरून रोलर हलक्या हाताने फिरवा. बुडबुडा दिसत असेल तर तो कडेपर्यंत ढकलत न्या, जोर लावून चिरडू नका.

झाकण लावा आणि खिट्टी पूर्ण बसल्याची खात्री करा. अर्धवट बसलेल्या झाकणाने कप्पे कार्डाला नीट टेकत नाहीत आणि प्रवाह सुरूच होत नाही. आता क्रमाने भरा: पहिल्यात प्रायमरी २ मिलीलिटर, दुसऱ्यात वॉश २, तिसऱ्यात सेकंडरी २, चौथ्यात वॉश ६. मध्ये फोन घेऊ नका, कुणाशी बोलायला थांबू नका, एका दमात भरा. क्रम बदलला तर दुरुस्त करायची सोय नाही. एका कप्प्यातलं दुसऱ्यात सांडू नये म्हणून पिपेटचं टोक कप्प्याच्या आत नेऊन सोडा. कप्प्यांचं झाकण लावा, वर वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. शेजारच्या सहकाऱ्याने सहज म्हणून यंत्र उचलून सरकवू नये यासाठीही ती चिठ्ठी लागते.

किमान अडीच तास. रात्रभर ठेवलं तरी चालतं, संध्याकाळी लावून सकाळी उघडणं हा माझ्या मते या यंत्राचा सगळ्यात चांगला उपयोग आहे.

उघडण्याआधी चौथा कप्पा बघा. द्रावण उरलं असेल तर शेवटचा वॉश पुरा झालेला नाही, थांबा. रिकामा असेल तर मेम्ब्रेन काढून पाण्यात दोन मिनिटं धुवा आणि नेहमीसारखं सब्स्ट्रेट घालून फोटो घ्या. कार्ड एकदाच वापरायचं, ते टाकून द्या. कप्पे शुद्ध पाण्याने लगेच धुऊन वाळवा. मीठ वाळून बसलं तर पुढच्या वेळी एखादा कप्पा रिकामाच होत नाही आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

पहिल्यांदा शेजारी हातचा ब्लॉट ठेवा

यंत्र आलं म्हणून लगेच मोलाचा सँपल त्यावर लावू नका. एकाच जेलवर तोच सँपल आणि तीच लॅडर दोन्ही अर्ध्यांत लावा, एकत्र ट्रान्सफर करा, मेम्ब्रेन मधून कापा. एक अर्ध तुमच्या नेहमीच्या हातच्या पद्धतीने, दुसरं यंत्रावर. दोन्हींचा फोटो एकत्र, सारख्या एक्स्पोजरला घ्या. यंत्राचा बँड जरा फिकट आला तर अँटिबॉडीचं प्रमाण बदलून जमेल. हातच्या ब्लॉटमध्ये नसलेला नवा बँड यंत्रावर आला तर प्रायमरी कमी करून पुन्हा बघा, दाट द्रावणात अँटिबॉडी नको तिथेही चिकटू शकते. जमलं तर एक पट्टी पहिल्या कप्प्यात प्रायमरी न घालता, नुसतं द्रावण घालून चालवा. त्यावर जे दिसेल ते सेकंडरीचं. आयबाइंड फ्लेक्स हे मोठं मॉडेल असेल तर अशा पट्ट्या एकाच वेळी शेजारी शेजारी चालवता येतात.

आणि ज्याने अजून एकही ब्लॉट हाताने केलेला नाही, त्याने आधी थोडे हातानेच करावेत. वॉश कमी पडल्यावर मेम्ब्रेन कशी दिसते, सेकंडरी जास्त झाल्यावर कशी दिसते, हे डोळ्यांत बसलेलं असेल तरच यंत्राने दिलेल्या वाईट ब्लॉटचा अर्थ लावता येतो. फॉस्फो-प्रथिनांच्या (फॉस्फेट जोडलेल्या प्रथिनांच्या) अँटिबॉडीही मी सुरुवातीला ट्रेमध्येच ठेवीन. त्या बऱ्याचदा रात्रभर ४ अंशांवर, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) या प्रथिनाच्या द्रावणात जमलेल्या असतात, आणि ती घडी मोडताना तुलनेचा ब्लॉट दोनदा-तीनदा करावा लागू शकतो.

बिघडलं तर

मेम्ब्रेन पूर्ण कोरी असेल तर आधी कप्पे रिकामे झाले होते का ते आठवा, मग मेम्ब्रेन पालथी पडली होती का, मग सेकंडरी योग्य प्राण्याविरुद्धची होती का. त्यानंतर प्रायमरीकडे वळा. लॅडर दिसते पण बँड नाही, यावरून फक्त ट्रान्सफर ठीक होता एवढंच सिद्ध होतं.

गोल पांढरे डाग हे बुडबुड्यांचे, पण ते ट्रान्सफरच्या वेळचे की कार्डावरचे? पॉन्सोचा फोटो काढून ठेवलेला असेल तर उत्तर लगेच मिळतं. प्रवाहाच्या दिशेने जाणारे लांब पट्टे आले तर कार्ड सारखं भिजलं नव्हतं किंवा मेम्ब्रेन कडेला दुमडली होती. सगळीकडे सारखा काळेपणा असेल तर सेकंडरी निम्मी करा. त्यानेही गेला नाही तर प्रायमरी.

पंपाचं यंत्र असेल तर

इथे काळजी नळ्यांची. आधीच्या ब्लॉटची सेकंडरी नळीत राहिली तर ती पुढच्या ब्लॉटच्या ब्लॉकिंगमध्ये मिसळते. म्हणून प्रायमरीची नळी, सेकंडरीची नळी आणि वॉशची नळी कायमच्या ठरवून त्यांना रंगीत चिकटपट्ट्या लावा, आणि दर वापरानंतर भरपूर पाणी फिरवा. नळ्यांमध्ये अडकून राहणारं द्रावण ट्रेपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे अँटिबॉडीचं द्रावण हिशोबापेक्षा थोडं जास्त बनवावं लागतं. किती जास्त, हे नुसतं पाणी घालून मोजा: १० मिलीलिटर पाठवा आणि ट्रेमध्ये किती आलं ते मापात ओतून बघा.

पहिला पूर्ण प्रोग्रॅमही पाण्यावरच चालवा, मेम्ब्रेनऐवजी फिल्टर पेपरचा तुकडा ठेवून. दर वेळी ट्रे पूर्ण रिकामा होतो का, तुकडा पूर्ण बुडतो का, एका कोपऱ्यात द्रावण साचतं का ते बघा. ट्रे जरा कलता असेल तर तो कोपरा लगेच सापडतो. काही मॉडेलमध्ये प्रायमरी परत तिच्या ट्यूबमध्ये जाते. ती सोय असेल तर ट्यूब जागेवर आहे आणि टोपण उघडं आहे हे सुरू करण्याआधी बघा. शेवटचा वॉश संपल्यावर ट्रे कोरडा ठेवायचा की बफर भरून ठेवायचा हा पर्याय प्रोग्रॅममध्ये असेल, तर बफर भरलेला निवडा. नाहीतर रात्री दोनला संपलेला ब्लॉट सकाळपर्यंत वाळलेला असेल.

वहीत नोंद करताना फक्त ‘१:४००’ लिहू नका. ‘५ मायक्रोलिटर, २ मिलीलिटरमध्ये, कार्डावर, रात्रभर’ असं लिहा, आणि कार्डाचा व द्रावणाचा लॉट नंबरही. हाच ब्लॉट पुढे कुणी ट्रेमध्ये करायला घेतला तर त्याला नुसत्या १:४०० वरून काहीच कळणार नाही, आणि १० मिलीलिटरला तो २५ मायक्रोलिटर अँटिबॉडी ओतून बसेल.